वरचं मशीन वाढव

छावणीच्या बाजारात, भाजीच्या ओट्यांपासून आत वळणाऱ्या गल्लीत दीपमाला साळुंके यांचं ऑफिस आहे. चार कॉम्प्युटर, एक प्रिंटर, अंगठ्याचा ठसा घेणारी दोन यंत्रं आणि भिंतीला लावून ठेवलेल्या प्लास्टिकच्या खुर्च्या. एरवी इथं आधारची दुरुस्ती, प्रवेशाचे अर्ज, पासपोर्ट अशी कामं चालतात. नोव्हेंबरात मात्र एकच काम असतं, हयातीचा दाखला. पेन्शन घेणारा माणूस अजून जिवंत आहे, हे दर वर्षी सरकारला कळवावं लागतं. छावणीत निवृत्त फौजी पुष्कळ आहेत, आणि त्यांच्या विधवा त्याहून जास्त. यंत्रावर अंगठा ठेवायचा, पडद्यावर हिरवी खूण उमटली की माणूस पुढच्या वर्षापर्यंत हयात.

गेल्या नोव्हेंबरात ही खूण उमटेनाशी झाली.

म्हणजे कधी उमटे, कधी नाही. एका कॉम्प्युटरवर काम सुरळीत चाले आणि शेजारच्यावर नुसतं चक्र फिरत राही. दुपारी याच्या उलट. पडद्याच्या कोपऱ्यात बघावं तर जोडणी ठीक असल्याची खूण. मिटमिट्याहून रिक्षानं आलेले कडूबा नावाचे निवृत्त नायक तिसऱ्यांदा अंगठा पुसून दीपमालाला म्हणाले, "पोरी, मी तुझ्यासमोर बसलोय, चहा पितोय, तरी तुझं मशीन मला जित्ता म्हणायला तयार नाय. घरी बायकोचं बी हेच म्हणणं हाय."

खुर्च्यांवरची माणसं हसली. दीपमालाही हसली, पण तिचं लक्ष मागच्या दाराकडं होतं. तिथं तिच्या सासूबाई, द्वारकाबाई, उभ्या होत्या. मशीन अडलं की त्या तिथं येऊन उभ्या राहत आणि थोड्या वेळानं परत आत जात.

हे ऑफिस दीपमालाच्या नवऱ्यानं, गोकुळनं, उभं केलेलं. मागं घर, वर माडीवर एक खोली. त्या खोलीत बसून तो रात्रीचं राहिलेलं काम करी. दोन वर्षांपूर्वी तो डेंग्यूनं गेला. मूलबाळ नव्हतं. माडीवरच्या खोलीला कुलूप लागलं आणि किल्ली द्वारकाबाईंच्या कमरेला गेली. दीपमाला खाली येऊन गोकुळच्या खुर्चीत बसली. तोवर ती फक्त टायपिंग करत असे. वायर कुठली कुठं जाते, अडलं तर आधी काय बघायचं, हे तिनं त्याच्या वेळच्या आठवणींतून आणि चुका करत शिकून घेतलं. माहेरचे भाऊ न्यायला आले, तेव्हा ती म्हणाली, ऑफिस चालतंय तोवर मी इथं आहे.

दिवाळीच्या आधी सासऱ्यांनी, तात्यासाहेबांनी, तिच्या दुसऱ्या लग्नाचा विषय काढला. तात्यासाहेब फौजेतून सुभेदार म्हणून निवृत्त झालेले. मूळचे दौलताबादचे, तिथं अजून शेत आहे. त्यांनी बदनापूरचं एक स्थळ आणलं होतं. शाळेत शिक्षक, बायको आजारानं गेलेली. भावकीत कुरबुर झाली, ती त्यांनी ऐकून घेतली आणि सोडून दिली. दीपमालानं बरेच दिवस घेतले. मग तिनं हो म्हटलं, पण एक अट घातली. आत्याबाईंनी स्वतःच्या तोंडानं हो म्हणायला हवं. सासूला ती आत्याबाई म्हणते.

द्वारकाबाईंनी हो म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही. त्याच आठवड्यात ऑफिसातली मशीनं अडायला लागली. मग एका सकाळी मेथी निवडता निवडता, मान वर न करता त्या म्हणाल्या, "गोकुळच्या मनात नाय."

तात्यासाहेबांनी समजावून पाहिलं. वायरी जुन्या झाल्यात, गल्लीतला विजेचा दाब कमी-जास्त होतो, उंदरं आहेत. द्वारकाबाईंनी ऐकून घेतलं आणि विचारलं, "मंग आधी कसं चालत व्हतं?" बदनापूरकरांना महिना संपायच्या आत निरोप द्यायचा होता. त्यामुळं नोव्हेंबरभर घरात एकच गोष्ट अडून राहिली. मशीनं का अडतात, हे कळल्याशिवाय आत्याबाई बोलणार नव्हत्या, आणि त्या बोलल्याशिवाय दीपमाला जाणार नव्हती.

दीपमाला असल्या गोष्टी मानणारी नव्हे. निदान तिला तसं वाटत होतं. मशीन अडलं की एक काळी खिडकी उघडून एक आज्ञा टाईप करायची, मग कॉम्प्युटर आपल्या जोडणीची माहिती सांगतो, हे गोकुळनंच तिला दाखवलं होतं. या कॉम्प्युटरचा नंबर काय, तो कुणी दिला, बाहेर जायचा रस्ता कुठला. त्यात एक ओळ नेटवर्कच्या नावाची असते. ज्यानं नेटवर्क बसवलं त्यानं नाव दिलं असेल तर ते तिथं दिसतं. चालू असलेल्या मशीनवर तिनं ही आज्ञा दिली तेव्हा ती ओळ रिकामी होती. अडलेल्या मशीनवर दिली तेव्हा त्या ओळीत इंग्रजी पाच अक्षरं होती. गोकुळ.

तिनं खिडकी बंद केली, समोर बसलेल्या म्हातारीला शेजारच्या टेबलावर पाठवलं, आणि संध्याकाळपर्यंत त्या मशीनला हात लावला नाही. कुणाला काही सांगितलं नाही.

तिला एकच खुलासा सुचत होता. माडीवरच्या खोलीत गोकुळचा जुना राऊटर होता. बिनअँटेनाचा, फक्त वायरीवर चालणारा. नवी लाईन घेतल्यावर त्यानं तो वर नेऊन ठेवला होता. पण तो राऊटर त्याच्या पश्चात चालू नव्हता. शिवाय दिवाळीतच तात्यासाहेब तिला म्हणाले होते की लग्नाचं ठरतंय, तर वरचं एकेक आवरायला हवं. त्यांनी इंटरनेटवाल्या मुलाला फोन केला आणि ते मशीन वाढवून टाकायला सांगितलं. तिनं पुन्हा विचारून खात्री केली. तात्यासाहेब म्हणाले, "ते कवाच वाढवलं." मग तिनं तो विचार सोडला. त्यानंतर खुलासा म्हणून जे उरत होतं, त्याचा विचार ती करत नव्हती. फक्त सकाळी मशीन लावताना तिचा हात बटणापाशी थांबू लागला.

शेवटी तिनं मुंजाबाला बोलावलं.

मुंजाबा दौलताबादच्या डोंगराखालच्या धनगरवस्तीवरचा. वडील मेंढरं राखायचे. पिंपळाखालच्या मुंजाबाला नवस बोलून झालेला म्हणून नाव मुंजाबा. छावणीपासून बजाजनगरपर्यंतच्या दुकानांत आणि ऑफिसांत तो वायरी टाकतो, बिघाड काढतो. या ऑफिसातली पहिली वायर त्यानं आणि गोकुळनं मिळून ओढली होती, म्हणून तो दीपमालाला वहिनी म्हणतो. तो दारात आला की खुर्च्यांवरच्या म्हाताऱ्यांपैकी कुणीतरी म्हणेच, आता मुंजाबा आलाय, त्याला बसायला पिंपळ बघा.

पहिल्या खेपेला त्याला काउंटरखाली उंदरांनी कुरतडलेली वायर सापडली. ती बदलली. अर्धा दिवस सगळं चाललं. दुसऱ्या खेपेला त्यानं स्विच बदलला, म्हणजे सगळ्या वायरी जिथं एकत्र येतात ती डबी. पुन्हा थोडा वेळ बरं चाललं. मुंजाबानं विजेच्या दाबाला दोष दिला आणि एक स्टॅबिलायझर आणून बसवला. दुसऱ्या दिवशी कॉम्प्युटर अडला, आणि द्वारकाबाई दारात येऊन उभ्या राहिल्या.

तिसऱ्या खेपेला त्यानं अडलेल्या मशीनवर तीच काळी खिडकी उघडली. बराच वेळ तो पडद्याकडं बघत राहिला. मग खुर्ची किंचित मागं सरकवून त्यानं दीपमालाकडं पाहिलं.

"मला दिसलंय," ती म्हणाली.

"कवापासून?"

"दिवाळीपासून."

मुंजाबानं कपाळ पुसलं. त्यानंतर तो जे बोलला, ते बिघाडाबद्दल होतं की दुसऱ्या कशाबद्दल, हे दीपमालाला आजही नीट सांगता येत नाही. मेंढरांमागं रानात मुक्काम पडला की त्याचे वडील बजावायचे, अंधारातून कुणी नाव घेऊन हाक मारली तर लगेच ओ द्यायची नाही. माणूस असेल तर पुन्हा हाक मारील. कॉम्प्युटरचं उलटं असतं, मुंजाबा म्हणाला. तो सुरू झाला की स्वतःच हाक मारतो, मला कुणी नंबर देता का. आणि जो आधी ओ देईल त्याच्या मागं जातो. तो कोण आहे, ते विचारत नाही.

"म्हणजे दोघं ओ देतायत," दीपमाला म्हणाली.

"व्हय. एक खालचा नवा राऊटर. एक दुसरा."

हातानं नंबर टाकून देता येतील, हेही त्यानं सांगितलं. मग मशीनं हाकच मारणार नाहीत, आजपासून काम चालू. दुसरा कोण आहे ते शोधायची गरज नाही. म्हातारी माणसं ताटकळत होती, आणि दुसरं कुणी असतं तर लगेच हो म्हणालं असतं. दीपमाला म्हणाली, "नको. कोण देतंय ते कळलं पाहिजे."

त्या दुसऱ्याचा नंबर पडद्यावर होताच. मुंजाबानं त्याला हाक लावली. कॉम्प्युटरवाले याला पिंग म्हणतात, मुंजाबा हाक म्हणतो. एका मशीननं दुसऱ्याला विचारायचं, आहेस का, आणि दुसऱ्यानं असल्यास उत्तर द्यायचं. उत्तर लगेच आलं. मग पुन्हा आलं, पुन्हा आलं. हाक चालूच राहील अशी आज्ञा त्यानं दिली, दीपमालाला पडद्यासमोर बसवलं, आणि स्वतः स्विचपाशी जाऊन एकेक वायर उपसू लागला. वायर काढायची, विचारायचं, ओ येते का. येते. परत लावायची, पुढची काढायची. खुर्च्यांवरचं बोलणं हळूहळू थांबलं. काय चाललंय ते त्यांना कळत नव्हतं, पण येते, येते, हे सगळे ऐकत होते.

एक करडी वायर निघाली आणि दीपमाला म्हणाली, "थांबली."

ती वायर भिंतीवरून छताकडं जात होती आणि एका भोकातून वर माडीत शिरत होती. मुंजाबानं ती परत लावली. पडद्यावर उत्तरं परत सुरू झाली.

तात्यासाहेबांना बोलावलं. त्यांचा विश्वास बसेना. आपण स्वतः फोन करून सांगितलं होतं, ते मशीन कवाच वाढवलं, असं ते पुन्हा म्हणाले. दीपमालानं इंटरनेटवाल्या मुलाला, सत्यमला, फोन लावला आणि सगळ्यांना ऐकू येईल असा ठेवला. सत्यम बजाजनगरला वाढलेला, घरी निम्मी हिंदी. त्यानं बिनदिक्कत सांगितलं, "काकाच बोलले ना, वरचं मशीन वाढव म्हणून. मला वाटलं वर पण नेट पाहिजे असंल. आजीनं रूम उघडून दिली, मी वायर जोडून चालू करून दिलं. बंद करायचं होतं तर सीधा बंद कर बोलायचं."

दुकान बंद करत नाहीत, वाढवतात; नारळ फोडत नाहीत, वाढवतात; बांगडीसुद्धा फुटत नाही, वाढते. तात्यासाहेबांच्या पिढीत हे कुणाला शिकवावं लागलं नाही. ते फोनकडं न बघता म्हणाले, "गोकुळच्या वस्तूला बंद कर, असं मी कसं म्हणू?"

एवढंच घडलं होतं. ज्या दिवशी त्यांनी गोकुळची शेवटची वस्तू थांबवायला सांगितली, त्याच दिवशी ती सुरू झाली.

दीपमाला आणि मुंजाबा वर गेले. खोलीला कुलूप नव्हतं. द्वारकाबाई आत होत्या. पलंग, टेबल, झाकलेला कॉम्प्युटर, आणि टेबलावर तो राऊटर. त्याचे हिरवे दिवे लुकलुकत होते, कारण खाली हाक अजून चालूच होती. द्वारकाबाई समोर जमिनीवर बसल्या होत्या. जागा पुसून स्वच्छ केलेली होती. इथं कुणीतरी रोज बसतं, हे दिसत होतं.

"त्या पोरानं लावला तवापास्नं चालू हाय," त्या म्हणाल्या. "मला वाटलं, यांनीच लावायला सांगितला."

इतके दिवस सांगितलं का नाही, असं दीपमालानं विचारलं नाही. द्वारकाबाई आपणहून सांगत गेल्या. सकाळी ऑफिस उघडलं की हा लुकलुकायला लागतो. दुपारी सगळे जेवायला उठले की शांत होतो. परत बसले की परत लुकलुकतो. रविवारी नाही. गोकुळही रविवारी काम करत नसे.

दीपमालानं त्यांच्याशेजारी बसून सगळं सांगितलं. सासऱ्यांनी काय म्हटलं, सत्यमला काय समजलं, वायर कुठून कुठं येते. सोप्या शब्दांत आणि काही न वगळता. पडद्यावर दिसणाऱ्या नावाचंही सांगितलं. ते नाव गोकुळनं स्वतःच पूर्वी कधीतरी त्या मशीनला दिलेलं होतं, बाकी काही नाही.

द्वारकाबाईंनी दिव्यांवरून नजर काढली नाही. "मंग हा काय देतो तुमच्या मशीनींला?"

"नंबर देतो. बाहेर जायचा रस्ता नाही देत. त्याची लाईन तुटलेली आहे, त्याच्याकडं रस्ताच नाही."

"मंग जे त्याच्याकडं जातेत ते तिथंच ऱ्हातेत अडकून."

"हो."

"तू बी," द्वारकाबाई म्हणाल्या. तो प्रश्न नव्हता.

मुंजाबा दारात उभा होता, तो जिन्यानं खाली उतरला. स्विचमधून करडी वायर उपसली, कॉम्प्युटर एकदा बंद करून सुरू केले, आणि त्या दिवशी पुन्हा आलेल्या कडूबांना अंगठा यंत्रावर ठेवायला लावला. हिरवी खूण उमटली. शेजारच्या टेबलावरही उमटली. खुर्च्यांवरून कुणीतरी टाळी वाजवली. त्याच वेळी माडीवरून द्वारकाबाईंचा आवाज आला, "हा थांबला."

दीपमाला खाली आली. मुंजाबाचा बेत असा होता की वरचा दिवा तसाच जळू द्यावा, खाली वायर काढलेली राहू द्यावी. दिवा लुकलुकणार नाही, पण विझणारही नाही. म्हातारीचं समाधान, ऑफिसचं काम. त्यानं तो हळू आवाजात सांगितला. तिनं ऐकून घेतला. मग तिनं करडी वायर उचलून परत स्विचमध्ये खोचली, आणि नव्या राऊटरची वायर काढली.

"वहिनी, चालू झालेलं बंद करताय तुमी."

"आत्याबाई म्हणाल्या, आजचा दिवस राहू दे. दिवेलागणीला मी माझ्या हातानं काढते, म्हणाल्या. आज सगळी मशीनं त्याच्याकडंच असू देत."

रांगेतल्या माणसांना परत पाठवायचं काम तात्यासाहेबांनी केलं. ते बाहेर ओट्यावर उभे राहून प्रत्येकाला सांगत होते की आज लाईन नाही, उद्या सकाळी या. एका म्हातारीला त्यांनी स्वतः रिक्षात बसवून दिलं. कडूबा आपला कागद घडी करून खिशात घालत म्हणाले, "माझं झालं बाबा. मी तर हाय. बाकीच्यांनी उद्यापर्यंत दम धरा." तात्यासाहेब हसले नाहीत.

दिवसभर ऑफिस उघडं होतं आणि काम बंद होतं. चारही कॉम्प्युटर चालू होते. चारहींच्या खिडकीत तेच नाव होतं, आता एकाचीही ती ओळ रिकामी नव्हती. दीपमालानं प्रत्येकावर हाक लावून ठेवली आणि आपल्या खुर्चीत बसली. उत्तरांच्या ओळी खालून वर सरकत होत्या. एकदा तिनं प्रिंटरवरची धूळ पुसली. एकदा चहा घेतला. मुंजाबा जाऊ शकला असता, पण गेला नाही. ओट्यावर बसून तो एका तुटलेल्या वायरीला नवं टोक बसवत राहिला, मग ते कापून पुन्हा बसवत राहिला. मध्ये एकदा तो आत आला, पडद्याकडं बघितलं, आणि म्हणाला की इतका वेळ एकही उत्तर चुकलं नाही, नवा राऊटर एवढा नेमका चालत नाही. दीपमाला म्हणाली, तो कामाच्या बाबतीत तसाच होता. मुंजाबा परत ओट्यावर जाऊन बसला.

द्वारकाबाई जेवायलाही उतरल्या नाहीत. ताट वर गेलं आणि तसंच परत आलं.

गल्लीत दिवे लागले तेव्हा दीपमालाच्या पडद्यावर एक ओळ नेहमीपेक्षा उशिरा आली. तिच्यात उत्तर नव्हतं. पुढचीतही नव्हतं. शेजारचे तीनही पडदे तेच सांगू लागले. हाक मारली, ओ आली नाही.

थोड्या वेळानं जिन्यावर पावलं वाजली. गोकुळ गेल्यापासून द्वारकाबाई ऑफिसच्या उंबऱ्याच्या आत आल्या नव्हत्या. आज त्या आल्या आणि पेन्शनवाले बसतात त्या खुर्चीत, दीपमालाच्या समोर बसल्या. हातात काही नव्हतं. त्यांनी पडद्याकडं मान वळवली.

"काय म्हणतंय?"

"उत्तर येत नाही, म्हणतंय."

द्वारकाबाईंनी आणखी काही ओळी येऊ दिल्या. प्रत्येक ओळ वर सरकली की त्यांची नजर पुढच्या ओळीवर जाई, आणि तिच्यात काही वेगळं नाही हे पाहून तिथंच थांबे. मग त्यांनी पदर खांद्यावर नीट घेतला.

"बदनापूरला फोन लाव," त्या म्हणाल्या. "मी बोलते."

दीपमालानं नंबर शोधून फोन लावला आणि त्यांच्या हातात दिला. पलीकडं घंटी वाजत होती. पडद्यावर हाका चालूच होत्या, आणि त्या थांबवायचं दोघींपैकी कुणालाच सुचलं नाही.